थोरली

थोरलीला थंडी सोसत नाही, अशी मंडळात जुनी समजूत आहे. डिसेंबर लागला की कुणीतरी तिच्यावर सतरंजी टाकतं. या समजुतीचं मूळ थंडीत नाही, खोबरेल तेलात आहे. सत्तरच्या दशकात एकदा मशीनचं तेल संपलं म्हणून एका नव्या सुनेने घरून खोबरेलाची बाटली आणली, उन्हात ठेवून पातळ केली आणि थोरलीच्या अंगावर जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत सढळ हाताने सोडली. त्या दुपारी थोरली अशी धावली की बघत राहावं. शुक्रवारी येऊन बघतात तर चाक हलेना. पुण्याच्या थंडीत आतलं तेल थिजून बसलं होतं. दोघींनी चाक ओढलं, तिसरीने पायटा दाबला. चामड्याचा पट्टा तुटला, पण थोरली जागची हलली नाही. मग रेशनचं रॉकेल आलं, पिसाने थेंब थेंब सोडून झालं, आणि चार दिवसांनी तिने पहिला श्वास घेतला. तेव्हापासून तेलाच्या पिचकारीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘डोक्याचं तेल घालू नये.’

थोरली म्हणजे सिंगरचं पायमशीन. नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, आमच्या महिला मंडळाच्या खोलीत, खिडकीला डावा खांदा लावून ती उभी असते. काळी, ठेंगणी, मानेशी जराशी वाकलेली. अंगभर सोनेरी वेलबुट्टी होती. ती पाठीकडून अजून शाबूत आहे, पुढून मात्र जिथे तळहात टेकतो आणि कापड घासतं तिथे वेल संपून नुसतं काळं लोखंड उरलंय. ‘थोरली’ हे नाव तिला जन्माने मिळालेलं नाही. घरात दुसरी सून येईपर्यंत पहिलीला थोरली कोण म्हणतं? तिचं तसंच झालं. धाकटीचं पुढे येईलच.

माझी तिची ओळख खालून झाली. आई मला बरोबर न्यायची आणि मी थोरलीच्या पोटाखाली, पायट्याच्या पलीकडे बसायचे. तिथून लोखंडी स्टँडमध्ये ओतलेली इंग्रजी अक्षरं उलटी दिसत. पुढे शाळेत ‘एस’ सरळ काढायला मला वेळ लागला त्याला कारण थोरली आहे, असं मी बाईंना सांगितलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच. ही वेळ मंडळाने ठरवलेली नाही, चुलीने ठरवलेली आहे. दुपारची जेवणं, झाकपाक आटोपली की दोन वाजतात आणि पाच वाजले की घराघरांतून चहाची आठवण होते. त्या तीन तासांसाठी आईचं एकच वाक्य असे: ‘शिवणाला जाते.’ ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हटलं की कुठे, कशाला, कुणाबरोबर, हे प्रश्न आलेच. भजनाला जायचं तर वय भजनाचं हवं. ‘शिवणाला जाते’ म्हटलं की मात्र आजेसासूसुद्धा माळ ओढत मान हलवायची. कारण त्यात सगळंच बसायचं. काटकसर होती, हातात कला येत होती, गोरगरिबांसाठी शिवलं जात होतं म्हणून पुण्यही होतं, आणि तीन तास सून कुठे बसली आहे हे ठाऊक होतं. या दोन शब्दांइतका बिनतोड परवाना बायकांना दुसऱ्या कुणी दिला असेल असं मला वाटत नाही. त्या परवान्यावर शिक्का थोरलीचा.

आणि ती गुपितं सांभाळायची. पायमशीनचा आवाज बारीक नसतो. पायट्याची खटखट, पट्ट्याची फरफर, सुईचं टकटक हे सगळं एकत्र सुरू झालं की शेजारी बसलेल्या दोघींचं बोलणं तिसरीला ऐकू जात नाही. मंडळातल्या बायकांना हे शास्त्र पक्कं ठाऊक होतं. जिला कुणाजवळ काही बोलायचं असे ती काजं करायला म्हणून थोरलीच्या उशाशी येऊन बसे. मशीनवरची बाई मग सरळ टीप संपली तरी पाय थांबवत नसे, रिकाम्या चिंधीवर टीप मारत राही. नवऱ्याने परत हात उचलला, दिराने जमिनीच्या कागदावर सही मागितली, पाळी चुकली, असलं कितीतरी त्या खटखटीच्या आडोशाला बोलून झालेलं आहे. चिंधीवरची टीप वाकडीतिकडी असायची. उलट सगळ्यांना ऐकवायची बातमी असली की थोरली एकदम थांबे. त्या शांततेत माझ्या पोटात गोळा यायचा, हे मला आजही आठवतं.

तिच्या अंगावर पितळी पट्टीवर नाही, लोखंडातच एक आकडा उठवलेला आहे. सुरुवातीला इंग्रजी ‘एफ’. एका दुरुस्तीवाल्याने मला तो वाचायला शिकवलं: हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचं, साधारण १९१० ते १९२० या दशकातलं. म्हणजे थोरली जन्माने स्कॉटिश. सिंगरचा तो कारखाना १८८५ मध्ये उभा राहिला. त्याच्या मनोऱ्यावर चार दिशांना चार घड्याळं होती, एकेकाची तबकडी २६ फुटांची. १९११ च्या मार्चमध्ये तिथे लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर ज्यादा काम लादलं गेलं. बारा जणींनी काम खाली ठेवलं आणि बघता बघता अकरा हजारांच्या आसपास माणसं त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडली. तीन आठवड्यांनी संप मोडला, पुढारीपण करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. मनोरा १९६३ मध्ये पाडला, कारखाना १९८० मध्ये बंद झाला. गावात सिंगर नावाचं रेल्वे स्टेशन तेवढं उरलंय. थोरली त्या बारा जणींच्या आधीची की नंतरची, याने तसा काही फरक पडत नाही. पण मंडळात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या खजिनदार काकू एवढंच म्हणाल्या, “म्हणूनच तिला घाई केलेली चालत नाही.”

तिच्या बापाविषयी मात्र फारसं बरं बोलता येत नाही. १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या तरुणाने गांधीजींना विचारलं होतं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. गांधीजींनी एक अपवाद काढला, तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. बायकोला टाका टाका घालत कष्टताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र घडवलं, असं ते म्हणाले. ‘यंग इंडिया’त ते छापून आलं. गांधीजींच्या शब्दावर आपण काय बोलणार! पण आयझॅक सिंगर हे पात्र असं होतं की वेगवेगळ्या बायकांपासून त्यांना २४ मुलं झाली, त्यामुळे गांधीजींच्या मनात होती ती बायको नेमकी कोणती हे शोधणं अवघड. शिवाय टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका यांचं पेटंट एलियास हाव यांनी १८४६ मध्येच घेतलेलं होतं. सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि हाव यांनी कोर्टात खेचल्यावर सिंगरना त्यांचा मोबदला द्यावा लागला. सिंगरचं खरं डोकं विकण्यात. हप्त्यांवर मशीन द्यायची चाल त्यांच्या कंपनीने रुळवली.

हिंदुस्थानात सिंगरची एजन्सी पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थांनी १८७० च्या दशकात मुंबईत घेतली. गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः शिंप्यांचं. बायकांच्या हाती मशीन इतक्यात जाणार नव्हतं. आपल्याकडची नऊवारी काही शिवावी लागत नाही. चोळी खणाची, ती घरीच हाताने शिवायची. नंतर पोलकं आलं आणि पंचाईत झाली. शिंप्याकडे जाऊन माप कोण देणार? मग जुनं पोलकं गडीमाणसाबरोबर पाठवायचं. आलेलं नवं पोलकं बरोबर जुन्याच मापाचं असायचं आणि बाई मधल्या काळात बाळंत होऊन उठलेली असायची. दंडात घट्ट, पाठीत सैल. बायकांना बायकांसाठी शिवणारी बाई हवी होती, ती या असल्या साध्या अडचणीतून.

पुण्यात थोरलीसारखीला बायकांच्या खोलीत जागा मिळाली त्याच्या मागे रमाबाई रानडे आहेत. आमचं मंडळ ज्या बाईंनी काढलं त्या सेवासदनच्या शिवणवर्गात शिकलेल्या, असं आजी सांगायची, आणि थोरली त्यांनीच आणली. रमाबाईंनी आधी मुंबईत हिंदू लेडीज सोशल क्लबच्या वर्गांत शिवण आणि हातकाम शिकवायची सोय केली होती. १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं तेव्हा अध्यक्ष म्हणून रमाबाईच होत्या, आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ ला, पुण्यात सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हाताशी होते. वर्ग भरले ते रानड्यांच्या वाड्यातच. लिहिणं-वाचणं, शिवण-भरतकाम, प्रथमोपचार, आणि पुढे रुग्णसेवा.

यातली रुग्णसेवा लोकांच्या घशाखाली उतरायला फार वेळ लागला. वरच्या जातीतल्या घरच्या बाईने, त्यातही विधवेने, कुठल्या कोण परक्या माणसाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र काढायचं, म्हणजे काय? इंग्रजीच्या वर्गालाही नावं ठेवणारे होते. शिवणाला मात्र कुणी नावं ठेवल्याचं आजीच्या ऐकण्यात नव्हतं. मला वाटतं, रमाबाईंना हे नेमकं कळलं होतं. न्यायमूर्तींच्या घरात सासवा-नणंदांच्या नाकावर टिच्चून इंग्रजी शिकलेली बाई ती. कुठलं दार ढकलायचं आणि कुठलं नुसतं लोटायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शिवण हे लोटलेलं दार. बाई एकदा आत आली, चार जणींत बसली, की पुढे तिला पाटी द्यायची की पुस्तक की दवाखान्याचा रस्ता, ते बघता येत होतं.

आजीच्या लहानपणी मंडळात एक म्हातारी आत्या येत. कुणाच्या सख्ख्या नव्हेत, सगळ्यांच्या आत्या. सोवळ्या. डोईवरून लाल आलवण, आणि आलवणाखाली चोळी नाही, कारण विधवेने चोळी घालायची नाही. आणि या आत्या थोरलीवर बसून शिवायच्या काय, तर चोळ्या आणि पोलकी. खणाचा तुकडा हातात घेऊन नुसत्या वितीने मापत, आणि एक चिंधी वाया जाऊ देत नसत. कुणाची बाही चढत नसेल तर अंगावरच चार बोटं फिरवून सांगत, “काखेत उरेब पट्टी घाल, बसेल.” आजीने पोरसवदा वयात एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्हाला घालायची नाही तर इतकं बरोबर कसं कळतं. आत्या म्हणाल्या, “नवव्या वर्षापर्यंत घालत होते की.”

आजी हे सांगताना हसायची. मला त्यात हसण्यासारखं कधीच काही सापडलं नाही.

थोरलीची शिकवायची एक पद्धत आहे. पहिला आठवडा दोरा नाही. सुई रिकामी, आणि दाबाखाली कापडाऐवजी वहीचं रेघी पान. रेघेवर भोकं पडली पाहिजेत. सगळ्यांना वाटतं, यात काय आहे! बसल्यावर कळतं. पायटा दाबला की चाक पुढे जाईल की मागे, हे थोरली ठरवते. मागे गेलं की पान गोळा होतं. आधी उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढून घ्यायचं, ते फिरू लागलं की मग पायांनी झोका धरायचा. पाळण्यासारखं आहे ते, थांबायच्या आत पुढचा झोका. सरळ रेघ जमली की गोल, गोल जमला की कोपरा. मग दोरा. मग खाकी कागदावर कटिंग. आणि पहिला कपडा झबलं.

झबल्याला कापड हातभर लागतं, बटण नाही, काज नाही, मागे दोन नाड्या बांधल्या की झालं. आणि ज्याच्यासाठी शिवायचं ते गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पण मंडळाच्या झबल्यांची गोष्ट याहून खोल आहे. आपल्याकडे बाळ जन्माला यायच्या आत घरात झबलं शिवत नाहीत. नको ते होईल अशी भीती असते. त्यामुळे ऐन वेळी बाळाला गुंडाळायला आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा. ज्या घरात जुनं धोतरही सुटं निघत नाही तिथे काय करायचं? मंडळात शिवलेलं झबलं कुणाच्याच नावाचं नसतं, म्हणून ते आधी शिवलं तरी चालतं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या खोलीत महिन्याकाठी आमच्याकडून एक गाठोडं जातं. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. सगळी जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती पातळांची, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. नवीन सभासद हमखास म्हणते, देणगी द्यायची ती जुन्याची का? मग कुणीतरी तिच्या गालाला ते कापड लावतं.

मंडळाचा आणखी एक नेम: एकीला एक झबलं द्यायचं नाही, दोन द्यायची. ‘एक अंगावर, एक दांडीवर.’ हे वाक्य आमच्या संस्थापक बाईंचं. मी पुष्कळ वर्षांनी वाचलं की इंग्लंडमध्ये लेडी वुल्व्हर्टन यांनी १८८२ मध्ये एका अनाथालयाला मोजे आणि लोकरी जर्सी हव्या होत्या म्हणून मैत्रिणी जमवून जो संघ काढला त्याचाही नियम हाच, प्रत्येकीने वर्षाला एकसारखे दोन कपडे द्यायचे. एक धुवायला गेला तर दुसरा अंगावर हवा. इकडचं तिकडे गेलं की तिकडचं इकडे आलं, या भानगडीत मी पडत नाही. जी बाई स्वतः कपडे धुते तिला हा नियम आपोआप सुचतो. त्याच्याही कितीतरी मागे जायचं तर बायबलातली टबीथा आहे, यापो गावची. ख्रिस्ती मंडळींत शिवणाच्या अशा मंडळांना तिच्या ग्रीक नावावरून डॉर्कस म्हणायची रीत पडली. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आलेल्या पेत्राला दाखवू लागल्या. तिचे गुण सांगत बसल्या नाहीत, कपडे पुढे केले.

थोरलीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नारायण पेठेत पाणी शिरलं. मंडळाची खोली तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर बायका दार उघडायला गेल्या तर दारच आतून चिखलाने दाबलेलं. थोरली आडवी पडलेली होती, मानेपर्यंत गाळात. तिची लाकडी फळी फुगून पापुद्रे सुटले होते, खण वाहून गेले होते आणि खणांबरोबर तिचे सगळे बारीकसारीक दागिने. आजी सांगायची, शहरात पिण्याच्या पाण्याची मारामार आणि आम्ही दोन बादल्या पाणी हिच्यावर घातलं म्हणून बोलणी खाल्ली. मग सुटी करून, रॉकेलमध्ये बुडवून, बांगडीच्या काचेने गंज खरवडून तिला उभी केली. फळी एका मोडक्या शाळेच्या बाकाची बसवली. तिच्यावर अजून कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं कर्कटकाने कोरलेली आहेत.

आणि लगेच कामाला लावली. पूरग्रस्तांसाठी लुगडी-पातळं चहूकडून येत होती. ढीग पडले होते. पण परकर आणि पोलकं कोण देतो? ते मापाचं लागतं, आणि दान देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते येतही नाही. पातळ मिळालेल्या बायका ते नेसू शकत नव्हत्या. त्या पावसाळ्यात थोरलीने परकर शिवले. नाडीचे, सरळ, कुणालाही होतील असे. आलेल्याच धोतरांतून फाडून काढलेले. मदतकार्यावर पुढे किती छापून आलं असेल, त्यात या परकरांचा उल्लेख मला तरी कुठे भेटलेला नाही.

पुढच्याच वर्षी तिचा अपमान झाला. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणायची लाट आली, घराघरांत, लोकलच्या डब्यांत, शाळांच्या मधल्या सुट्टीत बायका-मुली विणत होत्या. मंडळातही सगळ्या सुया आणि लोकरीचे गुंडे घेऊन बसल्या. थोरलीला लोकर विणता येत नाही. तीन महिने लोकरीच्या लडी ठेवायला जागा म्हणून तिचा वापर झाला. नंतर कुणीतरी तिला सुरू करायला गेलं तर तिने सलग चार सुया मोडल्या.

धाकटी आली ती सरकारी अनुदानातून. समाजकल्याण बोर्ड १९५३ मध्ये स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष, आणि गावोगावच्या महिला मंडळांना शिवणवर्गांसाठी मदत मिळू लागली. आमच्याकडे आली उषा. कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगची, अस्सल देशी, नावही आपलं. हलकी चाले, तिच्यात गोल बॉबिन, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. थोरलीच्या पोटात मात्र होडीच्या आकाराचं शटल आणि त्यात काडीसारखी लांबट बॉबिन. तसल्या बॉबिना आता दोनच उरल्या आहेत, आणि त्या काकूंच्या कंबरेच्या किल्ल्यांबरोबर घरी जातात. तरी जाड काम आलं, गोधडीची कड किंवा सतरंजीचा काठ, की धाकटी कण्हायला लागते आणि सगळ्या थोरलीकडे बघतात.

आता शिवणयंत्रं खूप मिळतात. जिल्हा परिषदा अनुदानावर देतात, पुढारी वाढदिवसाला वाटतात. मंडपात रांगेने मांडलेली चकचकीत मशीनं, प्रत्येकाशेजारी पदर सावरून उभी एक बाई, आणि मध्ये हार घातलेला माणूस. दोन-तीन वर्षांनी त्यातल्या काही घरी मी गेले आहे. एका मशीनवर टीव्ही होता. एकावर देव. एका बाईला मी विचारलं, चालवत का नाही? ती म्हणाली, “एकटीने काय चालवू? सुई तुटली की विचारू कुणाला?” मशीन दिलं, मंगळवार-शुक्रवार दिला नाही. मला वाटणाऱ्यांच्या हेतूबद्दल काही म्हणायचं नाही. थोरलीला एकटीला जर कुणा घरी पाठवली असती तर तिच्यावरही आज टीव्हीच असता.

२०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा मंडळाने कापडी पिशव्या शिवल्या. २०२० मध्ये मास्क. टाळेबंदीत वर्ग बंद, म्हणून धाकटीला एकीने घरी नेलं, पण थोरली कोण उचलणार? शेवटी इमारतीतच राहणाऱ्या दोघी आळीपाळीने खाली उतरून तिच्यावर बसायच्या. एक दोन वाजता, एक चार वाजता. एकीने शिवून ठेवलेल्या मास्कच्या ढिगावर दुसरी चिठ्ठी ठेवायची. तेवढाच संवाद. खटखट होती, पण तिच्या आडोशाला बोलायला कुणी नव्हतं.

मंडळाची एक हजेरीची वही आहे. खरं तर वह्यांची चळत आहे, पुरानंतरची. तीनच रकाने: वार, हजर, नग. देणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याचं नाही. मध्यंतरी वाळवी लागली म्हणून त्या उन्हात टाकल्या, तेव्हा मी चाळत बसले. ‘मंगळवार. हजर ११. झबली १४.’ ‘शुक्रवार. हजर ९. परकर ६, दुपटी ४.’ आणि अधूनमधून एखादी ओळ: ‘शुक्रवार. हजर १२. नग ०.’ आईच्या अक्षरातसुद्धा आहेत अशा दोन-तीन. आईला विचारायला आता आई नाही. मी काकूंना विचारलं की हजेरी पूर्ण आणि शिवण काहीच नाही, असं कसं? काकू चष्मा पुसत म्हणाल्या, “थोरली थांबली असेल.”

यंदाच्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या जावेला पहिल्यांदाच बरोबर नेलं. तिच्या घरचं काय चाललंय ते आम्हाला बाहेरून थोडंफार कळत होतं. तिला थोरलीसमोर बसवलं, रिकामी सुई, वहीचं रेघी पान. चाक मागे गेलं, पान गोळा झालं. काकू म्हणाल्या, “आधी हात, मग पाय.” तिने चाक ओढलं, दोन झोके नीट पडले, पाच-सहा भोकं रेघेवर आली. मग तिचा पाय थांबला. आम्ही सातही जणींनी हातातलं खाली ठेवलं.

पाच वाजता वही मी भरली. मंगळवार. हजर ८. नग ०.